पवनचक्कीचा शेवटचा खर्च कुणाचा?

डिसेंबरात ठोसेघर बघून चाळकेवाडीच्या सड्यावर गेलं की ओळीनं उभ्या असलेल्या पवनचक्क्यांतल्या बऱ्याचशा थांबलेल्या दिसतात. त्यांचे फोटो निघतात, फोनवर फिरतात, आणि सोबतचा मजकूर ठरलेला असतो: कोट्यवधी खर्चून उभारल्या आणि बंद पडल्या. हा निष्कर्ष घाईचा आहे. साताऱ्याच्या पठारांना वारा मिळतो तो मुख्यतः नैर्ऋत्य मोसमी. तिथली वर्षाची बहुतेक वीज जून ते सप्टेंबर या काळात तयार होते. वारा सेकंदाला साधारण तीन-चार मीटरच्या खाली गेला की यंत्र फिरत नाही, आणि फिरायचं कारणही नसतं. पण त्याच ओळीत एखादं यंत्र वाहिनीत बिघाड झाल्यानं थांबलेलं असतं, एखादं दुरुस्तीसाठी, आणि एखादं खरोखर कायमचं. त्याचा गिअरबॉक्स गेलेला असतो, सुटा भाग मिळत नाही आणि मालकाला त्यात रस उरलेला नसतो. रस्त्यावरून बघणाऱ्याला चारही सारखीच दिसतात.

सोडून दिलेल्या पवनचक्क्यांचा वाद जगभर याच गोंधळातून सुरू झाला. अमेरिकेत १४,००० पवनचक्क्या गंजत पडल्या आहेत, हे विधान २०१० पासून इतक्या वेळा छापून आलं आहे की आता त्याला पुरावा मागायचंही कुणाला सुचत नाही. त्या वर्षी एका अमेरिकी लेखात हा आकडा आला, पुढे ब्रिटिश वृत्तपत्रांनी तो उचलला आणि पवनऊर्जेच्या विरोधकांनी तो पाठ केला. पण १९८० च्या दशकातल्या भरभराटीच्या काळात कॅलिफोर्नियात उभारलेल्या यंत्रांची एकूण संख्याच साधारण या घरातली होती. त्यातली बरीचशी अनेक वर्षं वीज देत राहिली, बरीचशी काढून टाकली गेली, बऱ्याच ठिकाणी नवी यंत्रं आली. काही मात्र खरंच बेवारस उभी राहिली. उभारलेली सगळी यंत्रं बेवारस यंत्रांच्या खात्यावर टाकून तो आकडा तयार झाला आहे.

तो आकडा चुकीचा ठरला म्हणून प्रश्नच खोटा ठरवणं ही दुसऱ्या बाजूची चूक. पवनऊर्जा उद्योगाच्या समर्थकांनी ती पुष्कळ केली आहे. मी स्वतः पवनऊर्जेच्या बाजूचा आहे. म्हणूनच मला वाटतं की या प्रश्नाचं नीट उत्तर सर्वांत आधी आपण द्यायला हवं.

हवाई बेटांतलं कामाओआचं उदाहरण निर्विवाद आहे. बिग आयलंडच्या अगदी दक्षिण टोकावर, जिथे वारा जवळपास वर्षभर जोरात वाहतो, तिथे १९८० च्या दशकाच्या मध्यावर मित्सुबिशीची २५० किलोवॅटची ३७ यंत्रं बसवली. एकूण क्षमता सव्वानऊ मेगावॅट. खाऱ्या वाऱ्यानं यंत्रं झिजली, सुटे भाग दुर्मिळ झाले आणि २००६ मध्ये प्रकल्प बंद पडला. शेजारीच २००७ मध्ये पाकिनी नुई हा नवा प्रकल्प सुरू झाला. १४ यंत्रं, २०.५ मेगावॅट. म्हणजे वारा तोच, जागा जवळपास तीच, निम्म्याहून कमी यंत्रांतून दुपटीहून जास्त क्षमता. तंत्रज्ञान हरलं असं इथे कुणालाच म्हणता येणार नाही. पण जुनी ३७ यंत्रं २०१२ पर्यंत तशीच उभी होती. कामाओआ चालवणं तोट्याचं झालं तसं ते उतरवणंही कुणाच्या फायद्याचं नव्हतं, आणि त्या सहा वर्षांत जगातल्या पवनऊर्जाविरोधकांना हवा तो फोटो मिळाला.

यंत्रं बेवारस का होतात, याचं उत्तर वाऱ्यात किंवा पोलादात शोधून मिळत नाही. ते करसवलतीत आहे. कॅलिफोर्नियात अल्टामॉन्ट, तेहाचापी आणि सॅन गोर्गोनियो या खिंडींत यंत्रांचं जंगल उभं राहिलं ते केंद्र आणि राज्य या दोघांच्या गुंतवणुकीवरच्या सवलतींमुळे. सवलत यंत्र बसवल्याबद्दल मिळत होती, ते किती वीज देतं याच्याशी तिचा संबंध नव्हता. त्यामुळे अपुरी चाचणी झालेली, घाईत बनवलेली यंत्रंही विकली गेली. १९८५ अखेर केंद्राची सवलत संपली आणि बाजार कोसळला. पुढे अमेरिकेतली सर्वांत मोठी पवनयंत्र उत्पादक कंपनी केनेटेक हिनंही १९९६ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. बनवणारीच कंपनी नाही म्हटल्यावर सुटा भाग कुठून येणार?

आपल्याकडचा इतिहास याच्याशी फार मिळताजुळता आहे. १९८६ मध्ये रत्नागिरी, ओखा आणि तुतिकोरिन इथे ५५ किलोवॅटच्या यंत्रांनी भारतातल्या पवनऊर्जेची सुरुवात झाली. खरा वेग आला तो वेगवर्धित घसाऱ्यामुळे. नव्वदच्या दशकात पहिल्याच वर्षी यंत्राच्या किमतीच्या १०० टक्के आणि नंतर ८० टक्के घसारा नफ्यातून वजा करता येत असे. ज्यांना विजेच्या धंद्यात काही रस नव्हता अशा साखर, कापड, वाहनांचे सुटे भाग, सराफी अशा व्यवसायांतल्या मंडळींनी मार्चअखेरीच्या आत एक-दोन पवनचक्क्या घ्यायच्या, कर वाचवायचा, आणि जमीन, उभारणी, देखभाल हे सगळं यंत्र विकणाऱ्या कंपनीनंच बघायचं, अशी पद्धत रूढ झाली. १ एप्रिल २०१२ पासून ही सवलत काढली तेव्हा तिचा प्रभाव किती होता ते कळलं. २०११-१२ मध्ये देशात सुमारे ३,२०० मेगावॅटची भर पडली होती, पुढच्याच वर्षी ती जेमतेम १,७०० वर आली. जुलै २०१४ मध्ये सवलत परत आली आणि २०१७ पासून ती ४० टक्क्यांवर आणली गेली.

या इतिहासाचा परिणाम आज वनकुसवड्याच्या पठारावर दिसतो. समुद्रसपाटीपासून सुमारे १,१५० मीटर उंचीवरचं, कोयनेच्या जलाशयाच्या माथ्यावरचं हे पठार एके काळी देशातल्या सर्वांत मोठ्या पवनप्रकल्पांत गणलं जाई. तिथली पहिल्या पिढीची बरीच यंत्रं २३० आणि ३५० किलोवॅटची. ३५० किलोवॅटच्या यंत्राच्या पात्यांचा घेर ३३ मीटर व्यासाचा. आज बाजारात असलेल्या तीन मेगावॅटच्या यंत्राचा व्यास १४० मीटरच्या वर जातो, म्हणजे एकाच यंत्राचा घेर जुन्याच्या जवळपास एकोणीसपट क्षेत्र कवेत घेतो. जुनी उतरवून नवी उभारली तर त्याच पठारावर कितीतरी कमी मनोऱ्यांतून कितीतरी जास्त वीज मिळेल, हे कागदावर कुणालाही पटतं. मग होत का नाही?

कारण एका पठारावर मालक शेकड्यानं आहेत. प्रत्येकाच्या मालकीची जमीन आपल्या मनोऱ्याभोवतीच्या तुकड्याएवढी. मोठ्या यंत्राला दोन्ही बाजूंना व्यासाच्या पाच ते सात पट मोकळं अंतर लागतं, म्हणजे एक नवं यंत्र बसवायला आजूबाजूच्या अनेक मालकांना आपापलं जुनं यंत्र काढायला तयार करावं लागतं. कुणाच्या कर्जाचं प्रकरण न्यायालयात, कुणाची कंपनीच गुंडाळलेली, कुणाच्या वारसांना आपल्या नावावर पवनचक्की आहे हेही माहीत नाही.

विजेच्या खरेदीचा करार ही दुसरी अडचण, आणि ती महाराष्ट्राची खास आहे. राज्य वीज नियामक आयोगानं नोव्हेंबर २००३ मध्ये दर ठरवला तो १३ वर्षांसाठी: पहिल्या वर्षी युनिटला साडेतीन रुपये आणि दरवर्षी १५ पैशांची वाढ. त्या काळी तो आकर्षक होता. पण यंत्राचं आयुष्य २० ते २५ वर्षं धरलं जातं आणि करार १३ वर्षांचा. करार संपला तेव्हा देशातलं चित्र बदललं होतं. फेब्रुवारी २०१७ च्या पहिल्या मोठ्या लिलावात पवनऊर्जेचा दर ३ रुपये ४६ पैशांवर आला होता. जुन्या, झिजलेल्या, देखभालीला महाग यंत्राच्या विजेला पूर्वीचा दर कोण देणार? कर कधीच वाचवून झालेला, विजेला भाव नाही, देखभालीचा खर्च मात्र चालू. अशा मालकानं यंत्र बंद ठेवलं तर त्याच्या हिशेबात ते बरोबरच ठरतं.

तमिळनाडूत मुप्पंदलच्या पट्ट्यातही हेच दुखणं आहे, फक्त तिथे अडसर बँकिंगचा. वाऱ्याच्या मोसमात जाळ्यात टाकलेली वीज नंतर वापरायची मुभा जुन्या यंत्रांना उदारपणे मिळालेली आहे. नवं यंत्र बसवलं तर ती जाईल या भीतीनं मालक जुनंच रेटत राहतात. त्या राज्यानं २०२४ मध्ये यासाठी स्वतंत्र धोरण आणलं. केंद्राचं पहिलं रिपॉवरिंगचं, म्हणजे जुन्या यंत्रांच्या जागी नवी बसवण्याचं, धोरण २०१६ चं, व्याजात पाव टक्का सवलत देणारं. त्याचा फारसा उपयोग झाला नाही, म्हणून डिसेंबर २०२३ मध्ये नवं धोरण आलं. राष्ट्रीय पवनऊर्जा संस्थेच्या अंदाजानं दोन मेगावॅटहून लहान यंत्रांच्या जागी नवी बसवण्याची देशातली संधी २५ गिगावॅटच्या वर आहे. डेन्मार्कनं हे काम २००१ पासूनच केलं. जुनं छोटं यंत्र मोडीत काढणाऱ्याला नव्याच्या विजेसाठी वाढीव दर दिला, आणि काही वर्षांत हजाराहून अधिक लहान यंत्रं गेली. मालकाला यंत्र उतरवण्यात फायदा दिसला की बेवारसपणाचा प्रश्न बराचसा आपोआप मिटतो, हे तिथे सिद्ध झालं आहे.

बराचसा, पूर्ण नव्हे. उतरवलेल्या यंत्राचं पुढे काय होतं ते बघायला हवं.

पवनचक्कीच्या वजनाचा ८५ ते ९० टक्के भाग पोलाद, बीड, तांबं अशा धातूंचा असतो आणि तो वितळवून पुन्हा वापरता येतो. आपल्या देशात तर याची काळजीच नको. इथे पोलादाचा मनोरा कुणी फुकट सोडून देणार नाही. भंगाराचा भाव बरा असला तर क्रेनचं भाडं आणि मजुरी त्यातून निघते. किंबहुना बंद यंत्राच्या तळातली तांब्याची केबल मालकाच्या आधी चोरच काढून नेतो. म्हणूनच अमेरिकेतल्यासारखे गंजलेले मनोरे दशकानुदशकं उभे राहतील ही भीती आपल्याकडे मला फारशी खरी वाटत नाही. आपल्याकडची भीती वेगळी आहे: भंगारवाला जे उचलत नाही ते मागे राहील. पाती, काँक्रीटचा पाया आणि रस्ते. वादाचा सगळा भर उभ्या मनोऱ्यांवर राहिल्यानं या तिघांची चर्चा होतच नाही.

पाती काचतंतू आणि राळ यांच्या थरांची असतात. एकदा घट्ट झालेली ही राळ पुन्हा वितळत नाही. वायोमिंगमधल्या कॅस्परच्या कचराभूमीत शेकडो पाती कापून पुरल्याची छायाचित्रं २०२० मध्ये जगभर गेली. टेक्सासमधल्या स्वीटवॉटर गावाबाहेर पुनर्वापरासाठी म्हणून आणलेली हजारो पाती वर्षानुवर्षं ढिगानं पडून राहिली. हे दुसरं उदाहरण मला जास्त गंभीर वाटतं, कारण तिथे कागदोपत्री सगळं नीट होतं. पाती पुनर्वापराला गेली, मालकाची जबाबदारी संपली. ढीग मात्र गावाच्या वाट्याला आला.

उपाय आहेत. पाती भरडून सिमेंटच्या भट्टीत टाकली तर राळ इंधनाचं काम करते आणि काचेतली सिलिका सिमेंटमध्ये मिसळते. जर्मनीत हे बरीच वर्षं चालू आहे, अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक आणि व्हिओलिया यांनी २०२० मध्ये असाच करार केला. युरोपच्या पवनऊर्जा उद्योगाच्या संघटनेनं २०२१ मध्ये स्वतःहून मागणी केली की पाती जमिनीत पुरायला २०२५ पासून संपूर्ण युरोपात बंदी घाला. विरघळवता येणाऱ्या राळेची पाती सीमेन्स गमेसानं २०२१ मध्ये आणली, आणि जुन्या पात्यांतली राळ रसायनानं सुटी करण्याची पद्धत सापडल्याचं वेस्टासनं २०२३ मध्ये जाहीर केलं. रॉटरडॅमला पात्यांचं खेळाचं मैदान आहे, आयर्लंडमध्ये कॉर्क परगण्यात पात्यांचा पादचारी पूल आहे. ती कामं सुंदर आहेत, पण त्यांत खपतात ती पाती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. आपल्याला भट्टीचा मार्ग जवळचा आहे. चंद्रपूर आणि कलबुर्गीच्या पट्ट्यांत सिमेंटचे मोठे कारखाने आहेत आणि औद्योगिक कचरा भट्टीत जाळण्याची नियमावली देशात अस्तित्वात आहे. प्रश्न पाती कापून तिथवर नेण्याच्या खर्चाचा आहे, आणि आज तो कुणाच्याच अंगावर नाही.

पाया हा त्याहून नाजूक विषय. टेक्सासनं २०१९ च्या कायद्यानं पाया किमान तीन फुटांपर्यंत काढायला लावला. फ्रान्सनं २०२० मध्ये पाया पूर्ण खणून काढण्याचा नियम केला. शेतजमिनीसाठी दोन्ही समजण्यासारखे आहेत, कारण नांगर चालला पाहिजे. पण साताऱ्याच्या सड्यावर तीन फूट मातीच नाही. जांभ्यावर काही इंचांचा थर, त्यावर पावसाळ्यात उगवणारी, जगात इतरत्र न सापडणारी फुलं. तिथे पाया उखडायला पुन्हा खडक फोडणं म्हणजे जखम दुसऱ्यांदा उघडणं. माझं मत असं की सड्यावर पाया जमिनीलगत कापून सोडावा आणि तोच पैसा रस्ते मोडण्यावर खर्च करावा. पठारावर खरं नुकसान केलं ते मोठ्या क्रेन आणि ट्रेलर नेण्यासाठी कापलेल्या रुंद रस्त्यांनी. त्यांनी पाण्याच्या वाटा बदलल्या. पश्चिम घाटासंबंधीच्या माधव गाडगीळ समितीनं २०११ च्या अहवालात भीमाशंकर परिसरातल्या पवनप्रकल्पाच्या रस्त्यांबद्दल हाच इशारा दिला होता.

चाळकेवाडीच्या पठारावर झालेला एक अभ्यास इथे लक्षात घेण्यासारखा आहे. मारिया ठाकर, अमोद झांबरे आणि हर्षल भोसले यांनी तो २०१८ मध्ये प्रसिद्ध केला. पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी इतर पठाराच्या जवळपास चौथ्या हिश्श्यानं उरले होते. परिणामी ते ज्यांना खातात त्या रंगीत गळ्याच्या सरड्यांची संख्या वाढली होती. ते कमी घाबरत होते, पण गर्दीमुळे अंगानं बारीक झाले होते आणि नरांच्या गळ्याचे रंगही फिके पडले होते. पंधरा-वीस वर्षं उभी असलेली यंत्रं आसपासची जीवसाखळी अशी बदलून टाकतात. म्हणून उतरवण्याचं काम हे निव्वळ क्रेन आणि ट्रकचं नाही. यंत्रं काढण्याआधी आणि नंतर पठाराची मोजदाद झाली पाहिजे, आणि कुठे नवं यंत्र बसवायचं आणि कुठे जागा मोकळी सोडायची हा निर्णय त्या मोजदादीवर घेतला पाहिजे.

समर्थकांकडून एक प्रतिवाद नेहमी येतो: खनिज तेलवाल्यांचं काय? तो खरा आहे. अमेरिकेत लाखाहून जास्त बेवारस तेलविहिरी नोंदलेल्या आहेत आणि त्या बुजवण्यासाठी २०२१ मध्ये सरकारला ४७० कोटी डॉलर मंजूर करावे लागले. त्यांतून मिथेन गळतो, पाणी नासतं. थांबलेल्या पवनचक्कीचा धोका त्याच्या जवळपासही जात नाही. पण त्या विहिरींचा धडा समर्थकांनी उलटा वाचू नये. तिथे कमाई खासगी कंपन्यांनी केली आणि शेवटचा खर्च जनतेच्या माथी आला. तेच इथे घडू द्यायचं असेल तर स्वच्छ ऊर्जेला स्वच्छ म्हणण्याचा आपला अधिकार कमी होतो.

हा खर्च टाळता येत नाही, पण आधी बाजूला काढून ठेवता येतो. फ्रान्सनं २०११ पासून प्रत्येक यंत्रामागे ५०,००० युरोंची आर्थिक हमी आधीच घ्यायला सुरुवात केली. पुढे मोठ्या यंत्रांसाठी ती वाढवली. टेक्सासच्या कायद्यात ही हमी दहाव्या वर्षापर्यंत द्यायची मुभा आहे. मला फ्रान्सचा मार्ग पटतो, कारण दहा वर्षांत प्रकल्पाचा मालक दोनदाही बदललेला असू शकतो. यंत्रं पूर्ण उतरवणं समुद्रातही जमतं. डेन्मार्कच्या किनाऱ्याजवळ १९९१ मध्ये उभारलेला विंडेबी हा जगातला पहिला सागरी पवनप्रकल्प, ११ यंत्रांचा, २०१७ मध्ये पायांसकट काढून टाकण्यात आला.

भारतात केंद्राच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत यंत्र मोडीत काढण्याच्या आराखड्याचा उल्लेख आहे, २०२३ च्या धोरणात रिपॉवरिंगची चौकट आहे. आराखडा म्हणजे कागद. त्यामागे बँकेत ठेवलेला पैसा नसेल तर कंपनी बुडाल्यावर तो कागद कुणाला दाखवायचा?

साताऱ्याबाबत उशीर झालाय. तिथे आता राज्य सरकारनं अपारंपरिक ऊर्जेसाठीच्या आपल्या महाऊर्जा या संस्थेमार्फत प्रत्येक यंत्राची चालू, बंद की मालकच सापडत नाही अशी गावनिहाय नोंद जाहीर करावी आणि विखुरलेल्या मालकांना एकत्र आणून जुन्याच्या बदली नवं यंत्र या अटीवरच वाढीव दर द्यावा. मराठवाड्यात मात्र अजून वेळ आहे. धाराशिव जिल्ह्यात वाशी, भूम, कळंबकडे आणि बीड जिल्ह्यात केज, पाटोद्याकडे आज नव्या, मोठ्या पवनचक्क्या उभ्या राहत आहेत. तिथे जमिनीचे व्यवहार कसे होतात, मोबदल्यावरून शेतकरी आंदोलनाला का बसतात, हे आपण वाचतो. डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगच्या सरपंचांची हत्या झाली आणि तिच्या तपासात पवनचक्की प्रकल्पाकडून मागितलेल्या खंडणीचं प्रकरण पुढे आलं. एवढ्या दडपणाखाली सही करणारा शेतकरी पंचवीस वर्षांनंतरच्या काँक्रीटबद्दल विचारत नाही, आणि त्याच्या वतीनं विचारणारंही कुणी नाही.

तेव्हा त्या गावांतल्या ग्रामसभांना आणि शेतकऱ्यांना माझी विनंती आहे. भाड्याच्या किंवा विक्रीच्या करारावर सही करण्याआधी तीन गोष्टी लिहून मागा: यंत्र सलग ठराविक महिने बंद राहिलं तर ते किती दिवसांत उतरवायचं, पाती आणि पाया कुणी आणि कुठे न्यायचा, आणि त्यासाठीची रक्कम कोणत्या बँकेत, कुणाच्या नावावर, आजपासून ठेवली आहे. मालक बदलला तरी ही कलमं नव्या मालकावर बंधनकारक राहतील असं त्यात स्पष्ट लिहून घ्या. कंपनीच्या माणसानं हे नंतर बघू म्हटलं तर सही नंतर करा.